सिंहाचं सोवळं

गीरचा सिंह आमच्या घरातला माणूस आहे, तो आम्ही बाहेर देणार नाही, अशा अर्थाची भूमिका गुजरातनं थेट सर्वोच्च न्यायालयात घेतली. न्यायालयाच्या २०१३ च्या निकालात तिची नोंद आहे.

घरातला माणूस! मग जरा उना आठवा. ११ जुलै २०१६. मोटा समढियाळा गाव, जिल्हा गीर सोमनाथ. म्हणजे सिंहाच्याच घरात. तिथं मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या आपल्या पोरांना उघडं करून, गाडीला बांधून, काठ्यांनी आणि लोखंडी पाइपांनी झोडपलं. साऱ्या देशानं ते फोनवर बघितलं. त्या गाईला मारलं कुणी होतं? पोलीस तपासात पुढं आलं की सिंहानं. आता सिंहानं गाय मारली यात सिंहाचा गुन्हा नाही, त्याचं ते पोट आहे. पण त्याच गाईचं उरलेलं उचलणारा माणूस गुन्हेगार ठरला. घरातलं कोण आणि वेशीबाहेरचं कोण, हे त्या दिवशी गीरच्या मातीत रक्तानं लिहून झालं.

हा लेख उनावर नाही. तो सिंहाच्या रक्तावर आहे. चळवळीतला एक दोस्त मला म्हणाला, "लेका, वाघ-सिंह हे गळ्यात कॅमेरे अडकवून जिप्सीत बसणाऱ्यांचे चोचले. आपल्याला काय त्याचं?" मी म्हणतो, आपल्यालाच आहे. कारण जंगल वाचवायचं ठरलं की पहिलं गाव उठतं ते आदिवासीचं. रस्ता, खाण, धरण ठरलं की पहिलं जंगल कापलं जातं तेही त्याच्याच उशाचं. आणि जनावरांचं जे विज्ञान आहे, जनुकांचं, ते आपण वाचलं नाही तर दुसरे लोक ते वाचतील आणि आपल्यालाच ऐकवतील. त्यांनी काय ऐकवलंय याचा इतिहास आहे. तो पुढं येईल.

आधी मूळ गोष्ट. साधी आहे.

कणगीत दहा वाणांची ज्वारी आहे. एक पावसाला टिकणारी, एक काणीला दाद न देणारी, एक बुटकी, एक उशिरा निसवणारी. दुष्काळ पडला. लोकांनी पोटासाठी बियाणंच खाल्लं. तळाशी उरलं मापटंभर, तेही एकाच वाणाचं. पुढल्या वर्षी पाऊस झाला, ते मापटंभर पेरलं, वर्षा-दोन वर्षांत कणगी परत शिगोशीग भरली. तलाठी येईल, पायल्या मोजेल आणि कागदावर लिहील की दुष्काळ हटला. पण नऊ वाण गेले ते गेले. कणगी भरलेली आणि वाण एकच. काणीचं साल आलं की सगळं शेत एकदम काळं.

जनावरांचं असंच असतं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते. कळप मोठा असला, दूरदूरचे नर-माद्या एकत्र आले, तर दोन्ही बाजूंनी तीच बिघडलेली प्रत येण्याची शक्यता कमी. कळप लहान झाला, चारी बाजूंनी कोंडला गेला, की चुलता-पुतणी, बाप-लेक, भाऊ-बहीण यांच्यातच पिलं होतात. बिघडलेल्याला बिघडलेलं भेटतं. शिवाय लहान कळपात नुसत्या नशिबानं वाण गळतात. एखादं जनावर पिलं न देता मेलं की त्याच्याबरोबर त्याचं वेगळेपण मेलं. गेलेला वाण परत यायला दोनच वाटा. एक म्हणजे नवा बदल आपोआप घडण्याची वाट बघायची, हजारो पिढ्या. दुसरी म्हणजे बाहेरचं जनावर आत यायचं. परकं. वेगळ्या रक्ताचं.

वनखात्याची जनगणना पायल्या मोजते, वाण मोजत नाही. म्हणून "सिंह वाढले, वाघ वाढले" अशी बातमी आली की मी टाळ्या वाजवायला घाई करत नाही.

गीरच्या सिंहाची कणगी कुणी रिकामी केली? सिंह एकेकाळी फक्त काठेवाडात नव्हता. दिल्लीच्या आसपास होता, हरियाणात होता, मध्य भारतात होता, पूर्वेला पार पलामूपर्यंत होता. एकोणिसाव्या शतकात तो साफ झाला. एकेका इंग्रज साहेबानं शेकड्यानं सिंह मारल्याचं शिकारीच्या पुस्तकांत अभिमानानं छापलेलं आहे. आपले राजे-रजवाडे काय मागं होते? बंदूक इंग्रजाची, हत्ती राजाचा, आणि हाकारे घालायला वेठीला धरलेली माणसं आपली. शेवटी उरला तो जुनागढच्या नवाबाच्या राखीव रानात. बारा उरले, वीस उरले, असे आकडे दरबारातून बाहेर येत. ते आकडे मुद्दाम कमी सांगितले असतील, कारण सिंह थोडे आहेत म्हटलं की लाटसाहेबाच्या पाहुण्यांना शिकारीचं आमंत्रण द्यावं लागत नाही. बारा नसतील, पन्नास असतील. तरी मापटंच.

१९८७ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी जुनागढच्या सक्करबागेत ठेवलेल्या सिंहांचं रक्त आणि वीर्य तपासलं. तपासलेल्या प्रथिनांत सिंहासिंहात फरक म्हणून सापडेना. शुक्राणूंपैकी दोन तृतीयांशाच्या आसपास वेडेवाकडे. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या मोकळ्या सिंहांत हेच प्रमाण चौथाईच्या आसपास. पुढं हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी जास्त बारीक चाचण्या करून थोडाफार फरक शोधून काढला, आणि तो शोधलाच पाहिजे होता. पण २०२० साली जुनी हाडं-कातडी आणि आजचे सिंह यांचे सबंध जनुकसंच ताडून बघितले तेव्हा पुन्हा तेच निघालं: जगातल्या सिंहांत भारतातला सिंह वाणानं सगळ्यात दरिद्री. जंगलाचा राजा, आणि जनुकांच्या कणगीत खडखडाट.

आता आकडे बघा. २०१५ साली ५२३ सिंह. २०२० साली ६७४. २०२५ साली ८९१. छान. खरंच छान आहे, मी कुत्सितपणे म्हणत नाही; गीरच्या रानात आणि गावात लोकांनी सिंह सोसला म्हणून तो वाढला. पण हे आठशे एक्याण्णव त्या एकाच मापट्यातून निघालेले. २०१८ साली सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरच्या दलखाणिया भागात तेवीस सिंह पटापट मेले. त्यांच्यात कुत्र्यांकडून येणारा डिस्टेंपरचा विषाणू सापडला, जोडीला गोचिडांकडून येणारा ताप. सरकारची पळापळ झाली, अमेरिकेहून लस मागवली. हाच डिस्टेंपर १९९४ साली सेरेंगेटीत घुसला होता, तिथं हजाराच्या आसपास सिंह मेले, एकूण संख्येचा एक तृतीयांश. म्हणजे वाण भरपूर असलेल्या सिंहांचीही साथीनं ही गत होते. मग एकाच वाणाचे, एकाच जागी कोंबलेले असतील तर? हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला पाहिजे? ज्याच्या चाळीत पटकी शिरली आहे त्याला विचारा.

उपाय शास्त्रज्ञांनी पूर्वीच सांगितला होता. सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका. सिंहाचं दुसरं घर करा. जागा ठरली मध्य प्रदेशातलं कुनो. दुसऱ्या घरानं नवे वाण येत नाहीत, हे खरं. पण एका साथीत सगळं जाणार नाही, आणि दोन्हीकडच्या नर-माद्यांची अदलाबदल करत उरलेले वाण तरी टिकवता येतात.

आणि इथून गोष्ट आपली होते.

कुनोत सिंह आणायचा म्हणून १९९८ ते २००३ या काळात चोवीस गावं उठवली. दीड हजाराच्या वर कुटुंबं. बहुतेक सहरिया आदिवासी. ज्यांच्या घरात भांडी मोजून चार, त्यांना सांगितलं, देशाच्या सिंहासाठी उठा. ते उठले. जंगलातला सालईचा डिंक गेला, कंदमुळं गेली, वाट्याला कोरडवाहू तुकडा आला आणि पुष्कळांच्या नशिबी मजुरी. सिंहाच्या वाणाचा विमा उतरवायचा होता आणि त्या विम्याचा हप्ता सहरियांनी भरला. रोख भरला. आपल्या गावानिशी भरला.

आणि सिंह? गुजरातनं दिला नाही. आमची अस्मिता, म्हणे. कुनोत शिकार होते, म्हणे. सावज पुरेसं नाही, म्हणे. प्रकरण दिल्लीला गेलं. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, सहा महिन्यांत सिंह हलवा. जनावर कुणा एका राज्याचं नसतं, अशी कानउघाडणीही केली. सहा महिने गेले. सहा वर्षं गेली. बारा वर्षं उलटून गेली. एक सिंह गीरच्या बाहेर कुनोला गेला नाही. दलिताच्या झोपडीवर बुलडोझर घालताना कोर्टाच्या कागदाची शाई वाळायची वाट न बघणारं हे शासन, इथं मात्र समित्यांवर समित्या बसवत राहिलं. मधल्या काळात गुजरातनं आपल्याच पोरबंदरजवळच्या बर्ड्याच्या डोंगरात दुसरं घर झाल्याचं जाहीर केलं. म्हणजे वाड्याला लागून आणखी एक खोली काढली. साथ काय भिंत बघून थांबते?

तयार केलेल्या कुनोत मग चित्ता आला. १७ सप्टेंबर २०२२, पंतप्रधानांचा वाढदिवस. नामिबियातून आठ, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा. चित्ता भारतातून संपवला कुणी? कोरियाच्या महाराजानं १९४७ साली एका रात्रीत गोळ्या घातलेले तीन चित्ते शेवटचे, असं सांगितलं जातं. राजानं मारला, प्रधानमंत्र्यानं आणला, आणि दोघांच्या मध्ये सहरिया. चित्त्यांसाठी त्याच सहरियांचं बागचा हे आणखी एक गाव उठलं. या सगळ्यात एक कडू गंमत आहे. वाणाच्या दारिद्र्याचं जगभरच्या पुस्तकांतलं पहिलं उदाहरण म्हणजे चित्ता. ऐंशीच्या दशकात शास्त्रज्ञांनी नात्यागोत्यात नसलेल्या चित्त्यांवर एकमेकांच्या कातड्याचे तुकडे चिकटवून बघितले. परक्याचं कातडं शरीर फेकून देतं. चित्त्यांच्या शरीरांनी ते लगेच फेकलं नाही, जणू आपलंच. इतके ते एकसारखे. सिंहाचं वाण वाचवायला रिकामं केलेलं रान, त्यात सिंहाऐवजी वाणाचं दुसरं दिवाळं आणून सोडलं, आणि त्याचा उत्सव केला.

चित्ता त्याच्या जागी जगो. माझं भांडण चित्त्याशी नाही.

माझं भांडण या देशाच्या सोवळ्याशी आहे. त्याचा सगळ्यात नागडा नमुना बघायचा असेल तर रीवाला जा. २७ मे १९५१ रोजी रीवाच्या महाराजाच्या शिकारीत वाघीण मेली, तिचे बछडे मेले, एक पांढरा बछडा जिवंत पकडला. नाव ठेवलं मोहन. आता राजाला पांढरे वाघ पाहिजेत. मोहनला साधी वाघीण दिली तर पिलं झाली सगळी पिवळी. मग? मग मोहनला त्याचीच लेक दिली, राधा. १९५८ साली बाप-लेकीच्या पोटी पांढरी पिलं झाली आणि राजवाड्यात आनंदीआनंद. त्यातली मोहिनी १९६० साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला नजराणा म्हणून वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात गेली. तिथं तिला जोडी लावली तीही नात्यातलीच. आज जगातल्या सर्कशींत, पिंजऱ्यांत जे पांढरे वाघ दिसतात ते बहुतेक याच कोंडलेल्या रक्ताचे. पांढऱ्या रंगाच्या जनुकामुळं त्यांच्या डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या शिरा चुकीच्या वाटेनं जातात, म्हणून पुष्कळ वाघ तिरळे. जोडीला वाकडे पाय, मरतुकडी पिलं. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेनं २०११ साली अशी पैदास आपल्या सदस्यांना बंद करायला लावली. आणि आपल्याकडं? २०१६ साली रीवाजवळ मुकुंदपूरला पांढऱ्या वाघांची सफारी उघडली. गोरेपणाचा एवढा शौक! त्या पांढऱ्या कातडीखाली बापानं लेकीला झालेलं दुखणं आहे, ते तिकिटावर छापलेलं नसतं.

ओडिशातल्या सिमिलीपालला उलटं. तिथं काळे वाघ आहेत. पट्टे इतके जाड आणि एकमेकांत मिसळलेले की पाठ काळीच दिसते. दुनियेत रानात असे वाघ फक्त तिथंच. २०२१ साली बंगलोरच्या शास्त्रज्ञांनी कारण शोधलं. एका जनुकात बदल. इतरत्र तो जवळजवळ सापडत नाही, सिमिलीपालमध्ये निम्म्याहून जास्त प्रती त्या बदलाच्या. कारण हे वाघ बाकीच्यांपासून तुटलेले, मूठभर, आपसातच वाढलेले. म्हणजे काळा रंग हा त्या कोंडवाड्याचा शिक्का आहे. तो रंग स्वतः काही वाईट नाही, काळ्याचं वावडं आपल्याला कशाला असेल! पण तो रंग ज्या रीतीनं सगळीकडं पसरला त्याच रीतीनं न दिसणारे रोगही पसरतात. २०२४ च्या जानेवारीत ओडिशा सरकारनं काय जाहीर केलं? काळ्या वाघांची सफारी. रोगाच्या लक्षणाला तिकीट.

त्याच वर्षाच्या शेवटी मात्र एक शहाणपण झालं आणि त्यात महाराष्ट्राचा हात आहे. आपल्या ताडोबातल्या दोन वाघिणी, जमुना आणि झीनत, सिमिलीपालला धाडल्या. कशासाठी? नवं रक्त म्हणून. चंद्रपूरच्या लेकी ओडिशाला नांदायला. झीनत काही लगेच नांदेना. निघाली ती झारखंड ओलांडून बंगालात. २९ डिसेंबरला बांकुरा जिल्ह्यात तिला भुलीचं इंजेक्शन मारून परत नेली. मला ती वाघीण फार आवडली.

वाघांची कणगी कशी रिकामी झाली याचा हिशोब कुठं सापडला माहीत आहे? लंडनच्या संग्रहालयात. साहेबांनी आणि राजांनी मारून नेलेली कातडी, कवट्या तिथं जपून ठेवल्या होत्या. शास्त्रज्ञांनी त्यातून जुन्या वाघांचे जनुक काढले आणि आजच्या वाघांशी ताडले. २०१३ साली छापून आलं: आईकडून येणाऱ्या जनुकांचे जे प्रकार त्या मेलेल्या वाघांत होते त्यातले शंभरातले त्र्याण्णव आज जिवंत वाघांत नाहीत. त्र्याण्णव! सरगुजाच्या एका महाराजानं आयुष्यात हजारावर वाघ मारले. त्याच्या नावाची चौकशी कुणी लावली नाही. १८७१ च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवला गेला तो पारधी. १९५२ साली कागदावर सुटला तरी रानात वाघ मेला की पोलीस आजही आधी त्याच्या पालावर येतो. भुरट्यांना पकडा, जरूर पकडा. पण कणगी कुणी फस्त केली याचा इतिहास शाळेत शिकवा.

एवढं होऊनही जगातल्या वाघांच्या वाणांपैकी मोठा वाटा भारतातच शिल्लक आहे. तो टिकायचा तर वाघाला चालायला वाट पाहिजे. एका रानातून दुसऱ्या रानात. २०१९ च्या जूनमध्ये यवतमाळच्या टिपेश्वरातून एक तरुण वाघ निघाला. गळ्यात पट्टा होता म्हणून कळलं. आदिलाबाद, नांदेड, हिंगोली करत, कापसातून, तुरीतून, नाल्यानाल्यानं, रात्री चालत आणि दिवसा दडत, डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला तेव्हा तेराशे किलोमीटर झाले होते. पुढंही फिरतच होता, सगळी मिळून तीन हजार किलोमीटरची वाट. कशासाठी? जागा आणि जोडीदारीण. ज्ञानगंगेत वाघीण नव्हती. एवढी पायपीट करून गडी एकटाच. बाहेरगावचं रक्त आपणहून दारात आलं होतं, दार उघडायला आत कुणी नव्हतं.

राजस्थानातल्या रणथंबोरचं याच्या उलट. तिथं वाघ दाटीनं आहेत, पण बाहेरून कुणी येत नाही. २०२१ च्या अभ्यासात तपासलेल्या वाघांत सगळ्यात जास्त घरातल्या घरातली पैदास तिथली निघाली. पर्यटकांना रोज वाघ दिसतो. दिसणाराच.

आमच्याकडं पेंचच्या जंगलातून नागपूर-शिवणी महामार्ग चौपदरी करायचा ठरला तेव्हा पुष्कळ कोर्टकचेरी झाली आणि जनावरांना खालून जायला मोठी भुयारं ठेवावी लागली. महाराष्ट्राच्या बाजूला नऊ, सगळ्यात लांब साडेसातशे मीटर. वाघ खालून जातात, कॅमेऱ्यात दिसलेत. करायचं ठरवलं तर होतं! पण ते भांडून घ्यावं लागलं. आणि चंद्रपूरच्या कोळसा खाणींना कुणी विचारायचं? त्या भुयार ठेवत नाहीत, त्या जमीनच खातात. मग वाघ शेतात येतो, तेंदूपत्त्याला गेलेली बाई मरते, आणि साहेब म्हणतो, लोकांनी जंगलात घुसू नये. साहेब, ती घुसली नाही. तिच्या चुलीवर तुमचा गॅस पेटत नाही म्हणून ती तिथं आहे.

अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो, कारण शुद्धतेचा प्रश्न तिथं समोरासमोर आला. फ्लोरिडात प्यूमा जातीचं मोठं मांजर आहे, तिथले लोक त्याला पँथर म्हणतात. (नावबंधू!) नव्वदच्या सुरुवातीला ते वीस-तीस उरले. शेपट्या मोडक्या, हृदयाला भोकं, नरांचे अंड पोटातच अडकलेले. काहीजण म्हणाले, बाहेरचं रक्त आणलं तर हा अस्सल फ्लोरिडाचा पँथर राहणार नाही. अस्सल! अस्सल राहून मेला असता. १९९५ साली टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या. त्यातल्या पाच व्याल्या. मोडक्या शेपट्या कमी झाल्या, पिलं जगू लागली, बारा-तेरा वर्षांत संख्या तिपटीच्या आसपास गेली. आमच्या नावाचा तो पँथर जिवंत राहिला तो संकरानं.

संकर. हा शब्द आपल्याकडं दोन ठिकाणी भेटतो. एक, कृषी केंद्रातल्या बियाण्याच्या पिशवीवर, संकरित ज्वारी, तिथं त्याला जास्त भाव. दोन, गीतेच्या पहिल्या अध्यायात, तिथं अर्जुनाला त्याचंच सगळ्यात मोठं भय. पंजाबातल्या छतबीरच्या प्राणिसंग्रहालयात आशियाई आणि आफ्रिकी सिंहांची मिश्र संतती वाढवली होती. पुढं ती अशुद्ध ठरली. नरांच्या नसबंद्या झाल्या आणि मरेपर्यंत ती जनावरं पिंजऱ्यात. गीरच्या सिंहाचं वेगळेपण जपायला हवं, म्हणून उद्या आफ्रिकेचा सिंह तिथं नेऊन सोडा असं मी म्हणत नाही. तो निर्णय तपासून, मोजून घ्यायचा असतो. पण जनावरांसाठी हिशोब करणारी माणसं "शुद्ध" हा शब्द उच्चारतात तेव्हा त्यांच्या तोंडाला कसला वास येतो तो मला ओळखू येतो.

इथं आपल्याच पोरांना एक सांगणं आहे. सभेत कुणीतरी उठतो आणि म्हणतो, बघा, विज्ञानच सांगतं की जातीतल्या जातीत लग्न केलं की रक्त नासतं, म्हणून जात वाईट. मला हा युक्तिवाद नको. बाबासाहेबांनी १९१६ साली न्यूयॉर्कला वाचलेल्या निबंधात जातीचं मूळ सजातीय विवाहाच्या कुंपणात दाखवलं, ते समाजाचा अभ्यास करून. १९३६ साली 'जातिप्रथेचं उच्चाटन' लिहिताना वंशशुद्धीचा दावा त्यांनी उघडा पाडला, कारण तेव्हा सनातनी लोक जीवशास्त्राची पोथी काढूनच जातीचं समर्थन करत होते. ज्या पोथीनं त्यांनी आपल्याला हीन ठरवायचा प्रयत्न केला ती उलटी धरून आपण त्यांना हीन ठरवायचं काय? जातीतल्या लग्नातून जन्मलेलं प्रत्येक पोर धडधाकट निघालं असतं तरी जात मोडायचीच होती. जात मोडायची ती माणूस माणसाच्या बरोबरीचा आहे म्हणून. जनुकांची परवानगी त्याला लागत नाही.

वाघ-सिंहाला मात्र लागते. त्याला जात नाही, त्यानं कुंपण घातलेलं नाही, तो चालत सुटतो ते परक्याच्या शोधात. त्याच्याभोवती कुंपण माणसानं घातलं. म्हणून मी कुंपण घालणाऱ्यांची नावं विचारतो.

जंगलावरच्या चळवळीत काम करणाऱ्या आपल्या मित्रांनी आता दोन मागण्या एकाच दमात मांडाव्यात. एक, जनगणनेच्या आकड्याबरोबर दरवेळी वाणाचा हिशोब जाहीर करा. कुठल्या रानात किती नात्यातली पैदास, कुठली वाट तुटली, कुणाच्या खाणीनं तोडली, नावानिशी. दोन, जनावराच्या नावावर ज्यांना उठवलं त्यांचा हिशोब त्याच कागदावर, खालच्या ओळीत. सहरियांची चोवीस गावं या खात्यात जमेला धरायची की खर्चाला, ते गुजरातनं आणि दिल्लीनं सांगावं. सिंह द्यायचा नसेल तर तसं लिहून द्या. मग त्या दीड हजार कुटुंबांचा प्रश्न नव्यानं उघडतो: उठवायचं कारणच राहिलं नाही, तर त्यांच्या जमिनीवरचा, डिंकाच्या झाडांवरचा हक्क कोणत्या कायद्यानं अजून अडवून धरलाय?